दीर्घोपवास आणि जुनाट व्याधी : पुरावा कोठवर पोचतो

मधुमेह, रक्तदाब, संधिवात, अतिस्थौल्य यांसारखी दुखणी एकदा देहात वस्तीला आली म्हणजे सहसा उठून जात नाहीत. रोजच्या गोळ्यांचा हिशेब ठेवत आणि दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेचा कागद धडधडत्या अंतःकरणाने उलगडत त्यांच्यासह आयुष्य काढावे लागते. अशा मनुष्याला जर कोणी सांगितले की, 21 किंवा 40 दिवस केवळ पाण्यावर राहा म्हणजे व्याधी समूळ नाहीशी होईल आणि औषधाची चिठ्ठी फाडून टाकता येईल, तर त्याने त्या आशेकडे धाव घ्यावी यात नवल नाही, आणि त्याच्या निश्चयाची हेटाळणी करण्याचा अधिकार तर कोणालाच नाही. परंतु ज्या आश्वासनाच्या भरवशावर तो इतके मोठे साहस पत्करतो, त्याला पुराव्याचा आधार किती, हे त्याला आधी कळले पाहिजे. माझे म्हणणे असे की, दीर्घोपवासाने काही व्याधींत काही काळ खराखुरा उतार पडतो, हे मान्य करावेच लागेल. पण तो उतार टिकतो, किंवा तो केवळ उपवासानेच पडतो, हे सिद्ध झालेले नाही. आणि गेल्या शंभर वर्षांत वैद्यकाने ज्या ज्या वेळी या उपायाची कसून रुजवात घेतली, त्या त्या वेळी बहुधा असेच निष्पन्न झाले की, उपवासातला कार्यकारी अंश निराळा काढून तो अधिक सौम्य मार्गाने रुग्णाला देता येतो.

आपल्या समाजात उपवासाला धर्माने आणि राजकारणाने, दोहोंनीही मोठी प्रतिष्ठा दिली आहे. एकादशी आणि चातुर्मास पाळणारी घरे, महिनाभराचे मासखमण निष्ठेने पार पाडणारी जैन कुटुंबे, 1943 सालच्या फेब्रुवारीत वयाच्या 73 व्या वर्षी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना 21 दिवस उपोषण करणारे गांधीजी, आणि पुढे 1946 साली त्यांनीच उरुळी कांचन येथे सुरू केलेले निसर्गोपचाराचे कार्य, या साऱ्यांमुळे उपवास म्हणजे शुद्धी हे समीकरण मराठी मनात खोल रुजलेले आहे. त्या श्रद्धेविषयी मला आदरच वाटतो. परंतु व्रताचे मोल व्रतस्थाच्या अंतःकरणावरून ठरते आणि औषधाचे मोल रोग्याच्या रक्तावरून, इंद्रियांवरून आणि पुढील वर्षांवरून ठरते. म्हणून उपवास जेव्हा औषध म्हणून पुढे येतो तेव्हा त्याने औषधाला लागू असलेली तपासणी बिनतक्रार स्वीकारली पाहिजे. आपल्या प्राचीन वैद्यकानेही येथे सरसकट हुकूम दिलेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात लंघनाचे जे दहा प्रकार सांगितले आहेत त्यांत उपवास हा केवळ एक आहे. लंघन अतिरिक्त झाले म्हणजे सांधे फुटल्यागत दुखतात, तोंड कोरडे पडते, भूकच मरते, अशी लक्षणेही तेथे नोंदलेली आहेत. रोग्याचे बल पाहून उपाय योजावा हा त्या परंपरेचा दंडक आज तिच्याच नावाने उपवासाचा पुरस्कार करणारे पुष्कळ लोक नजरेआड करतात.

उपवासाच्या बाजूने जी साक्ष मला सर्वांत सबळ वाटते ती अपस्माराची. अमेरिकेतील बॅटल क्रीक या गावी ह्यू कॉन्क्लिन नावाचा उपचारक फेफऱ्याच्या रुग्णांना 25 दिवसांपर्यंत पाण्यावर ठेवीत असे. आतड्यांत निर्माण होणारे एखादे विष मेंदूस बाधते आणि आतडी रिकामी राहिली म्हणजे ते ओसरते, अशी त्याची उपपत्ती होती. उपपत्ती चुकीची ठरली, पण निरीक्षणात तथ्य निघाले. न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉल गेयलिन यांनी 1921 साली आपल्या रुग्णांचे अनुभव वैद्यकसभेपुढे मांडले तेव्हा उपवासाच्या काळात अनेकांचे झटके थांबतात ही गोष्ट गंभीरपणे घेतली जाऊ लागली. मात्र मुलाला जन्मभर उपाशी ठेवता येत नाही. म्हणून त्याच वर्षी मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी असा विचार केला की, उपवासात यकृत चरबीपासून जी कीटोन द्रव्ये तयार करते तीच जर भरपूर स्निग्ध आणि अत्यल्प पिष्टमय आहार देऊन तयार करविता आली, तर मुलाचे पोटही भरेल आणि झटकेही आवरतील. या कीटोजन आहाराची 145 मुलांवर लंडनमध्ये यथाविधी चाचणी होऊन तिचा वृत्तान्त 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात आहार घेणाऱ्यांपैकी 38 टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले, तर नुसत्या चालू औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण 6 टक्के होते. हा आहार सुरू करण्यापूर्वी मुलाला उपाशी ठेवण्याचा जो जुना शिरस्ता होता, तोही अनावश्यक असल्याचे फिलाडेल्फियातील डॉक्टरांनी 2005 साली तुलना करून दाखविले: उपवास न करता हळूहळू आहार बदललेली मुले तीन महिन्यांनंतर तितकीच सुधारलेली होती आणि त्यांना त्रास कमी झाला होता. उपवासाने वाट दाखविली. पण त्या वाटेने जाण्यासाठी उपवास करण्याची गरज उरली नाही.

मधुमेहाची हकीकत याहून करुण आहे, आणि आज दीर्घोपवासाची भलामण करणाऱ्याने ती अवश्य वाचावी. 1870-71 साली पॅरिसला वेढा पडून शहरात अन्नाचे दुर्भिक्ष झाले तेव्हा आपल्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर उतरते किंवा अजिबात नाहीशी होते, असे बुशार्दा या फ्रेंच वैद्यकतज्ज्ञाच्या ध्यानात आले होते. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी या निरीक्षणाची पद्धतशीर उपचारविधी बनविली: लघवीतील साखर संपेपर्यंत पूर्ण उपवास, नंतर मोजूनमापून थोडे थोडे अन्न, आणि साखर पुन्हा दिसली की पुन्हा उपवास. त्यांनी 1919 साली जो विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात प्रत्येक रुग्णाचा तपशील इतका प्रामाणिकपणे दिलेला आहे की, कोण सुधारले आणि कोण केवळ अन्नाविना खंगून गेले, हे आजही वाचकाला पाहता येते. त्यांच्या उपचाराखाली आलेली एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याची मुलगी. 1919 साली ती त्यांच्याकडे आली तेव्हा तिचे वजन 75 पौंड होते आणि 1922 च्या ऑगस्टमध्ये टोरांटोला इन्सुलिनचे संशोधक बँटिंग यांच्याकडे नेली तेव्हा 45 पौंड, म्हणजे जेमतेम 20 किलो. तेथे तिला नुकतेच हाती आलेले इन्सुलिन मिळाले आणि ती 1981 पर्यंत जगली. अ‍ॅलन यांच्या उपासमारीने तिचा प्राण इन्सुलिन येईपर्यंत टिकविला, हे उपकार मोठेच. पण त्या उपासमारीने तिचा मधुमेह बरा झाला नव्हता आणि होणारही नव्हता, कारण तिच्या देहात इन्सुलिनच उरले नव्हते. लहानपणी जडणारा हा मधुमेह आणि चाळिशीच्या सुमारास स्थूलतेबरोबर येणारा मधुमेह यांतला भेद ज्या उपचारगृहाच्या माहितीपत्रकात सांगितलेला नसतो, तेथे पहिल्या प्रकारच्या रुग्णाला इन्सुलिन थांबवून उपवासास बसविणे म्हणजे त्याला मृत्यूच्या दारी बसविणे होय, हे स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे.

उपाशी देहात काय घडते याचे ज्ञान आज तुटपुंजे नाही. बॉस्टनमध्ये जॉर्ज केहिल आणि त्यांचे सहकारी यांनी अतिस्थूल रुग्णांच्या 5 ते 6 आठवड्यांच्या उपवासाचा अभ्यास करून 1967 साली असे दाखविले की, आरंभी केवळ ग्लुकोजवर चालणारा मेंदू दीर्घोपवासात आपली बरीचशी गरज कीटोन द्रव्यांवर भागवू लागतो. हे रूपांतर घडेपर्यंत मेंदूसाठी लागणारे ग्लुकोज स्नायू मोडून तयार करावे लागते. आरंभी दिवसाला सुमारे 75 ग्रॅम प्रथिने खर्ची पडतात आणि काही आठवड्यांनी हा खर्च 20 ग्रॅमच्या आसपास येतो. खर्च उतरतो, पण थांबत कधीच नाही. म्हणून चरबीचा मोठा साठा असलेला मनुष्य जेथे महिनोन्‌महिने तग धरतो, तेथे सडपातळ मनुष्य दोन महिन्यांत संपतो: लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास 63 दिवसांच्या उपोषणानंतर 13 सप्टेंबर 1929 रोजी कालवश झाले, आणि स्कॉटलंडमधील 27 वर्षांचा अँगस बार्बिएरी डंडी येथील डॉक्टरांच्या देखरेखीखाली 1965-66 मध्ये 382 दिवस अन्नाविना राहून 456 पौंडांवरून 180 पौंडांवर आला.

या बार्बिएरीचे नाव आज उपवासाच्या प्रत्येक कैफियतीत येते. पाच वर्षांनंतरही त्याचे वजन 196 पौंडच होते, हे खरे आहे. त्याला जीवनसत्त्वे, यीस्ट आणि काही काळ पोटॅशियम दिले जात होते आणि त्याचे रक्त वारंवार तपासले जात होते, हेही तितकेच खरे आहे. परंतु एका मनुष्याच्या यशावरून उपचाराची योग्यता ठरत नाही. त्याच काळात लॉस एंजेलिस येथे अर्न्स्ट ड्रेनिक यांनी 207 अतिस्थूल रुग्णांना दीर्घोपवास घडविला आणि त्यांपैकी 121 जणांचा माग पुढे सरासरी 7 वर्षांहून अधिक काळ ठेवला. निम्मे रुग्ण दोन-तीन वर्षांत आपल्या मूळ वजनावर परत गेले आणि उतरलेले वजन अखेरपर्यंत राखणारे केवळ 7 निघाले. दीर्घोपवासाच्या वृत्तान्तांत मला ही नोंद सर्वांत मोलाची वाटते, कारण आपल्या उपचाराचे अपयश इतक्या चिकाटीने मोजून जगापुढे ठेवणारे चिकित्सक विरळा.

आणि मृत्यूंचे काय? 1960 नंतरच्या दशकात उपचार म्हणून केलेल्या उपवासात रुग्णालयातच रुग्ण दगावल्याच्या हकीकती एकामागून एक प्रसिद्ध झाल्या. 1969 साली ‘लॅन्सेट’मध्ये 20 वर्षांच्या एका तरुणीची नोंद आली; 30 आठवड्यांच्या उपवासाने तिचे वजन तर हवे तेवढे उतरले, पण अन्न पुन्हा सुरू झाल्यावर आठवड्याभरातच हृदयाची गती बिघडून ती गेली, आणि शवविच्छेदनात तिच्या हृदयाच्या स्नायुतंतूंचा ऱ्हास झालेला आढळला. उपवास सोडण्याचा काळ हा उपवासाइतकाच, किंबहुना अधिक, धोक्याचा असतो. पिष्टमय अन्नाचा पहिला घास पोटात गेला की इन्सुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढून नेते. उपवासभर रक्तात ठीक दिसणारे फॉस्फेट काही तासांत घसरते आणि हृदयाचे ठोके चुकू लागतात. पेया, विलेपी, यूष अशा क्रमाने रोग्याला अन्नावर आणण्याचा जो संसर्जनक्रम आयुर्वेदात शोधनानंतर सांगितला आहे, आणि पारण्याच्या दिवशी मुगाचे पाणी देऊन थांबणाऱ्या आपल्या घरांतून जो आजही पाळला जातो, त्यामागे हा दीर्घ अनुभव असला पाहिजे. मात्र तीन-चार आठवड्यांच्या उपवासानंतर तेवढ्यावर विसंबून चालत नाही. रक्ततपासणीची तजवीज लागतेच.

संधिवाताचा पुरावा मला पुष्कळ अंशी आशादायक वाटतो. ओस्लो येथील डॉक्टरांनी 53 रुग्णांची दोन गटांत विभागणी करून एका गटाला 7 ते 10 दिवसांचा, भाज्यांचे पाणी व रस घेऊन केलेला उपवास आणि त्यानंतर वर्षभर शाकाहार दिला. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सांध्यांची सूज, ठणका आणि सकाळचा ताठरपणा यांत उतार पडला आणि तो वर्षाच्या अखेरीपर्यंत टिकला. त्याआधी स्वीडनमध्ये झालेल्या अभ्यासांत नेहमीचे अन्न सुरू होताच दुखणे परतले होते. दोन्ही वृत्तान्त शेजारी ठेवले म्हणजे टिकाऊ उतार उपवासाच्या दहा दिवसांपेक्षा नंतरच्या वर्षभराच्या आहाराने दिला असावा, असा तर्क करावासा वाटतो. रक्तदाबाच्या बाबतीत सांता रोझा येथील उपचारगृहाचा 2001 सालचा अहवाल नेहमी दाखविला जातो: 174 रुग्ण, सरासरी साडेदहा दिवस पाण्यावर, आणि वरच्या दाबात सरासरी 37 अंकांची घट. घट मोठी आहे. पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. उपवासात शरीर मीठ आणि पाणी टाकते, रुग्ण घरच्या विवंचनांपासून दूर विश्रांती घेत असतो, आणि दाब अतोनात वाढलेल्या काळात नोंदलेला पहिला आकडा पुढे आपोआपच काहीसा उतरतो. यांतला कोणता वाटा उपवासाचा, हे अशा अहवालातून कळण्याचा मार्ग नाही.

मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशाचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण सुशिक्षित घरांतूनही तो प्रमाण मानला जातो. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल पारितोषिक उपवासाने कर्करोग बरा होतो हे सिद्ध केल्याबद्दल मिळाले, असे त्यात म्हटलेले असते. ओसुमी यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवून त्या आपलेच जीर्ण घटक कसे मोडतात व वापरतात याची यंत्रणा आणि तिची जनुके शोधून काढली. तो शोध मूलगामी आहे. त्यात एकाही रोग्याला उपवास घडविलेला नव्हता. केमोथेरपी घेत असलेल्या, आधीच खंगत चाललेल्या रुग्णाने या संदेशावर भिस्त ठेवून जेवण सोडावे, याहून दुःखद गैरसमज कोणता?

स्थूलतेबरोबर येणाऱ्या मधुमेहाविषयी मात्र अलीकडे खरोखरच उत्साहवर्धक काम झाले आहे. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी स्कॉटलंड व इंग्लंडमधील साध्या दवाखान्यांतून जी चाचणी घेतली, तीत निदान होऊन सहा वर्षे उलटली नाहीत आणि जे इन्सुलिनवर नाहीत अशा रुग्णांना तीन ते पाच महिने रोज सुमारे 850 कॅलरींचा मोजका द्रवाहार दिला गेला. वर्षाच्या अखेरीस त्यांतील 46 टक्के रुग्णांची साखर औषधाविना मर्यादेत होती, तर नेहमीच्या उपचारावरील गटात 4 टक्क्यांची. आणि ज्यांचे वजन 15 किलो किंवा अधिक उतरले त्यांच्यात हे प्रमाण 86 टक्के होते. यकृत आणि स्वादुपिंड यांत साचलेली चरबी वितळली म्हणजे इन्सुलिनचे कार्य सुधारते, हे त्यांनी प्रतिमाचित्रणाने दाखविले. पुढे वजन परत आले तसतसा मधुमेहही परतला. दोन वर्षांनी 36 टक्के, आणि पाच वर्षांनी पाठपुराव्यात राहिलेल्यांपैकी 13 टक्के, एवढेच रुग्ण औषधमुक्त होते. म्हणजे मधुमेह मागे हटविण्यासाठी केवळ पाण्यावर, निरन्न राहण्याची आवश्यकता नाही. वजन उतरविणे आणि ते वर्षानुवर्षे राखणे यांची आहे, आणि त्यांतले दुसरे काम पहिल्यापेक्षा फार कठीण आहे.

येथे आपल्या लोकांच्या देहरचनेचा एक मुद्दा येतो, ज्याची गंभीर दखल मराठी वाचकाने घ्यावी असे मला वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे जे संशोधन केले त्यावरून असे दिसते की, भारतीय मनुष्य वजनाला हलका असूनही त्याच्या अंगात चरबी अधिक आणि स्नायू कमी असतात. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शरीरभारांक अगदी सारखा, 22.3 होता, चरबी मात्र युडकिन यांच्या देहात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात 21.2 टक्के भरली. ज्या समाजात स्नायूंची पुंजी मुळातच तोकडी आहे, त्या समाजातील साठीच्या मधुमेही स्त्रीला चार आठवडे पाण्यावर ठेवले तर कमी झालेल्या किलोंत स्नायूंचा वाटा किती आणि ते परत कधी भरून यायचे, याचे उत्तर जर्मनी किंवा कॅलिफोर्निया येथील धष्टपुष्ट रुग्णांच्या आकडेवारीत सापडणार नाही. शिवाय आपले रुग्ण जी औषधे घेतात त्यांचा प्रश्न वेगळाच आहे. ग्लिमेपिराइड घेत असताना अन्न बंद केले तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊन मनुष्य झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेत असता उपवास केला तर साखर फारशी वाढलेली न दिसताही रक्त आम्लमय होते, आणि केवळ ग्लुकोमीटरवर विसंबणाऱ्याला त्याचा सुगावा लागत नाही. रक्तदाबाची गोळी पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिली तर उठून उभे राहताच भोवळ येते. ही औषधे कोणती कमी करायची, कोणती थांबवायची आणि केव्हा, हे ठरविणे डॉक्टरचेच काम आहे. त्याला न सांगता उपवासास बसण्याची मुभा कोणत्याही रुग्णाने स्वतःला देऊ नये.

या साऱ्यावरून उपवासाचे दप्तर बंद करावे, असे मी म्हणणार नाही. ओस्लोच्या धर्तीची, मोठी आणि दीर्घ मुदतीची चाचणी घ्यायची झाली तर पुण्याइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल: ताडीवाला रस्त्यावर बापू भवनात केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था 1986 पासून आहे, जवळच उरुळी कांचनचा आश्रम आहे, आणि शहरात आधुनिक वैद्यकाच्या प्रयोगशाळा व संशोधक आहेत. संधिवाताचे किंवा मधुमेहाचे रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागावे. एकास वैद्यकीय देखरेखीखाली उपवास आणि नंतर सात्त्विक आहार, दुसऱ्यास उपवासाविना तोच आहार आणि तेवढीच विश्रांती द्यावी. वजनाबरोबर स्नायूही मोजावे. मध्येच सोडून गेलेल्यांचा शोध घेऊन त्यांची नोंद करावी. आणि निकाल पहिल्या महिन्याऐवजी पाचव्या वर्षी जाहीर करावा. उपवासावर ज्यांची निष्ठा आहे त्यांनीच या मागणीसाठी सर्वांत आधी पुढे यावे, कारण निकाल अनुकूल लागला तर गोळ्यांचा खर्च न झेपणाऱ्या लक्षावधी रुग्णांना त्याचा लाभ होईल. तोपर्यंत 21 दिवसांच्या उपवासासाठी रुग्ण दाखल करून घेणाऱ्या प्रत्येक उपचारगृहाने त्याला लेखी सांगावे की, गेल्या वर्षी त्याच्यासारखे किती जण आले आणि त्यांपैकी किती वर्षानंतरही औषधाविना आहेत, पोटॅशियम व फॉस्फेट किती दिवसांनी तपासले जाईल, औषधांची मात्रा कोणता नोंदणीकृत डॉक्टर ठरवील, आणि मध्यरात्री हृदयाची गती बिघडली तर त्याला कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वाहनाने नेले जाईल.